आमच्याकडे आग लागत नाही

माझ्या सासऱ्यांना खोटं बोलता येत नाही. बोलायला गेले की कान लाल होतात आणि ते पाणी प्यायच्या निमित्ताने आत निघून जातात. नवरा त्यांच्यावरच गेलाय. त्यामुळे लग्न झाल्यापासून आमच्या खानदानातलं खोटं बोलायचं खातं माझ्याकडे आहे. नको असलेल्या हळदीला न जायची कारणं मी सांगते. वर्गणीवाले आले की 'साहेब घरात नाहीत' मी सांगते, साहेब मागे सोफ्यावर श्वास रोखून बसलेले असतात. हे आधीच बोलून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यावरून सगळे माझ्याकडेच बोट दाखवतात.

माझे सासू-सासरे, म्हणजे चिमीआई आणि जनूबाबा, चिखलोलीच्या मागे अगदी डोंगराच्या पायथ्याला राहतात. बैठं घर, दगडी भिंती, वर कौलं, पुढे ओटा, मागे परडं आणि परड्याला लागून भाताचा एक तुकडा. आजूबाजूला टॉवर आले, पण बाबांनी तो तुकडा धरून ठेवलाय. आम्ही दोघं, मी आणि धर्मेश, अंबरनाथ ईस्टला चौथ्या माळ्यावर राहतो. एक हॉल, एक बेडरूम आणि बिल्डर ज्याला किचन बोलतो ती जागा. मधलं अंतर स्कूटरवरून फार नाही, पण पुरेसं आहे. मला सासूबाई आवडत नाहीत असं कोणी समजू नये. एवढ्या अंतरावरून मला त्या खूप आवडतात.

आता आगीचं सांगते. होळी झाली की आमच्या मागचा डोंगर पेटतो. दरवर्षी पेटतो. संध्याकाळी वरून लाल रेघ हळूहळू खाली येताना दिसते, आणि टॉवरमधले लोक बाल्कनीत येऊन तिचे व्हिडिओ काढतात. गेल्या वर्षी ती रेघ खाली येता येता थेट आमच्या परड्यात आली. पेंढ्याची उडवी गेली, कोंबड्यांचं खुराडं गेलं आणि दोरीवर वाळत घातलेलं आईंचं लुगडं अर्धं करपलं. कोणीतरी काढलेला फोटो धर्मेशच्या मोबाईलवर आला. मागे धूर, पुढे आई हातात ओलं गोणपाट घेऊन उभ्या, आणि चक्क हसतायत.

धर्मेश एमआयडीसीतल्या एका कंपनीत सेफ्टी सुपरवायझर आहे. दिवसभर लोकांना हेल्मेट घाला, बूट घाला सांगतो, आणि घरी आला की कुकरच्या प्रत्येक शिट्टीला उठून गॅसकडे बघतो. तो फोटो त्याने जेवता जेवता तीनदा मोठा करून बघितला. त्या रात्री तो ताटावरून उठला तो निर्णय घेऊनच. पुढच्या उन्हाळ्यात त्या घराचा विमा काढायचा. विमा कंपनीचा माणूस येऊन घर बघेल. तो बोलला की हे घर विम्यात घेण्यासारखं आहे, तर आई-बाबा तिथे राहतील. तो 'नाही' बोलला, तर त्यांचं सामान उचलायचं आणि आपल्याकडे आणायचं. उन्हाळ्यापुरतं नाही, कायमचं.

'कायमचं' हा शब्द ऐकला आणि मी आमच्या एवढ्याशा हॉलकडे नव्याने बघितलं.

आई एकदा आमच्याकडे राहायला आल्या होत्या, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा. पहिल्याच दिवशी त्यांनी खिडकीच्या ग्रिलला सुके बोंबील बांधले. खालच्या माळ्यावरच्या जैन बाईंनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं ते आजतागायत. मी मिक्सर लावला की आई कानावर हात ठेवून हॉलच्या दुसऱ्या टोकाला जायच्या, आणि दुसरं टोक म्हणजे सोफ्याची मागची बाजू. दुपारी बाल्कनीत उभ्या राहून खालून जाणाऱ्या कुरिअरवाल्यांना ओरडून विचारायच्या, 'काय र, कोनाचा तू?' आणि चौथ्या माळ्यापर्यंत कोणाचं उत्तर आलं नाही की दिवसभर तोंड पाडून बसायच्या. मी पण माणूस आहे. कामावरून आल्यावर मला अर्धा तास कोणाचाच आवाज नको असतो, आणि हे मी देवासमोरही कबूल करीन.

धर्मेशने तर उल्हासनगरला माझ्याच दुकानातून सोफा-कम-बेड बुक करून टाकला. मी तिथे फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात बिलिंगला आहे. आमचे सेठ सिंधी, माणूस दिलदार. त्यांनी खूश होऊन चांगला सागवानी पीस बाजूला काढून ठेवला आणि रोज मला विचारायला लागले, 'जिज्ञासा, कधी पाठवू? सासूमाँ कधी येते?' गोडाऊनमध्ये जाता-येता तो सोफा मला दिसायचा आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची.

शेवटी मीच पुढाकार घेतला. सेठांचे मेहुणे मुकेशभाई एका विमा कंपनीसाठी घरं तपासायचं काम करतात. त्यांना सेठांकडून शब्द टाकला, एप्रिलातला रविवार ठरवला आणि आदल्या शनिवारी हाफ डे घेऊन चिखलोलीला गेले. दोघांना ओट्यावर बसवलं आणि नीट सांगितलं. धूर करायचा नाही. आवारात सुकी काडी दिसता कामा नये. आणि बाबांनी स्वतःहून एक शब्द बोलायचा नाही.

सुक्या काडीचं मुद्दाम बजावलं, कारण परड्यात बाबांचा राब रचायला घेतलेला होता. राब म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा भाजायची. शेण पसरायचं, त्यावर पालापाचोळा, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, वर गवत आणि माती, आणि द्यायचं पेटवून. जमीन भाजली की तण मरतं आणि रोप जोमाने येतं. बाबा आणि आई दिवाळीपासून त्याच्यासाठी पाला गोळा करतात. घराला लागून पाल्याचा, फांद्यांचा, गोवऱ्यांचा कंबरेएवढा ढीग होता. विमेवाल्याने तो बघितला असता तर स्कूटरवरून उतरलाच नसता.

"हे सगळं इथून नाहीसं झालं पाहिजे," मी आईंना बोलले. "एक काडी पण आवारात नको."

आई मान हलवून बरं बोलल्या. इतक्या पटकन त्या माझं कधी ऐकत नाहीत. मग मी बाबांकडे वळले. त्यांना समजावलं की साहेब विचारतील, इथे आग लागते का, तर तुम्ही फक्त 'नाही' बोलायचं. जास्त काही नको, नुसतं 'नाही'. मला वाटलं आता कान लाल होणार, पाणी प्यायला उठणार. पण बाबांनी थोडा वेळ डोंगराकडे बघितलं, विचार केला आणि बोलले की तसं बोलायला काही हरकत नाही, ते खरंच आहे. मला तिथेच शंका यायला हवी होती. पण सोफा डोळ्यांसमोर असला की माणसाला शंका येत नाहीत.

रविवारी मी आणि धर्मेश सकाळीच पोचलो. आवार बघून माझा जीव भांड्यात पडला. अंगण सारवलेलं, परडं झाडून लख्ख, तुळशीच्या सुकलेल्या मंजिऱ्यासुद्धा खुडलेल्या. पाल्याचा ढीग गायब. मी मनातल्या मनात आईंना सलाम केला. पाला कुठे टाकला हे विचारायचं मला सुचलं नाही. शेतात नेऊन टाकला असेल असं मी धरून चालले, आणि माझं तिथेच चुकलं.

मुकेशभाई आले ते घामाने निथळत. माणूस जाडजूड, पायात पांढरे बूट, गळ्यात दोरीला मोबाईल. मी सिंधी थाटात 'आओ साईं' करून स्वागत केलं, सरबत दिलं. त्यांनी सरबत एका घोटात संपवलं, कमरेवर हात ठेवले आणि मागे वळून डोंगराकडे बघितलं. डोंगराची अर्धी बाजू काळी ठिक्कर पडलेली होती. आठवड्यापूर्वीच जळली होती.

"मॅडम, ये पहाड़ काला क्यूँ है?"

मी सावली आहे असं सांगितलं. मुकेशभाईंनी वर सूर्याकडे बघितलं. सूर्य बरोबर डोक्यावर होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांना दुसरं सरबत दिलं. धर्मेश बाजूला उभा राहून जमिनीकडे बघत होता, त्याचे कान लाल व्हायला लागले होते. मी त्याला कौलं बघायला मागे पिटाळलं.

बाहेरचं सगळं छान पार पडलं. मुकेशभाईंनी भिंतींवर थापा मारून बघितल्या, विहिरीत डोकावले, पाणी आहे बघून खूश झाले, फोटो काढले. घर मजबूत आहे, आवार साफ आहे, असं दोन-तीनदा बोलले. मी तेव्हाच मनात सेठांना फोन लावून सोफा दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकून टाकला. मग ते बोलले की आता आतल्या खोल्यांचे फोटो. पुढची खोली झाली, चूल आणि गॅस झाला. मधल्या खोलीचं दार बंद होतं, आणि दारासमोर आई उभ्या होत्या, पदर खोचून, दोन्ही हात चौकटीला लावून.

मुकेशभाईंनी दार उघडायला सांगितलं. आई बोलल्या की आत देव आहेत.

आता हे खोटं नव्हतं. देव्हारा त्याच खोलीत आहे. पण मुकेशभाई निघाले भाविक. देव आहेत ऐकल्यावर त्यांनी तिथेच बूट काढले, मोजे काढले, डोक्यावर रुमाल टाकला आणि बोलले की मग तर दर्शन घेऊनच जाणार. देवदर्शनाला आलेल्या माणसाला दारातून परत कसं पाठवणार? आईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच उघडा सांगितलं, कारण मला काय माहीत.

आईंनी कडी काढली आणि दार आपोआप बाहेर ढकललं गेलं. आतून सळसळत पाला आला. आधी मुकेशभाईंच्या उघड्या पावलांवर, मग पोटऱ्यांपर्यंत, आणि तरी येतच राहिला. सगळी खोली पाल्याने, फांद्यांनी, पेंढ्याने आणि गोवऱ्यांनी पार आढ्यापर्यंत खचाखच भरलेली होती. आणि पुढचा पाला ढासळला तसं दिसलं की समोरच्या भिंतीशी, त्या पाल्यात विहिरीसारखा गोल खड्डा करून, देव मोकळे ठेवले होते. देवांसमोर दिवा लावलेला होता. छान तेवत होता.

मुकेशभाईंचे जोडलेले हात तसेच राहिले. ते भाविक, त्यामुळे देवासमोरचा दिवा फुंकायचा कसा, आणि समोर हा प्रकार, त्यामुळे ठेवायचा कसा, अशी त्यांची पंचाईत झाली असणार. धर्मेश माझ्या मागे येऊन उभा राहिला होता, त्याच्या तोंडून नुसती हवा गेल्यासारखा आवाज आला. सेफ्टीच्या माणसाला असं काही बघायला लागणं हा पण एक छळच आहे. शेवटी बाबा पाला बाजूला सारत आत गेले, दिवा अलगद उचलला, हाताचा आडोसा धरून बाहेर आणला आणि चुलीशेजारी नेऊन ठेवला.

"तूच बोललीस ना गो, आवारात काडी दिसाला नको?" आई मला बोलल्या. "घरात नको असा नाय बोललीस."

माझं डोकं सटकलं होतं. एवढं सांगितलेलं, एवढं समजावलेलं, आणि पेटीत बारूद भरावं तसं घर भरून ठेवलं. मी बोलणारच होते काहीतरी, चांगलं झणझणीत तोंडावर आलं होतं, पण आईंनी कपाळावरचा घाम पुसायला हात वर केला आणि मला त्यांचे हात दिसले. मनगटापासून कोपरापर्यंत नुसते ओरखडे. फांद्या लागून लागून काही ठिकाणी रक्त सुकलेलं होतं. अख्खा ढीग त्यांनी एकटीने कवळा कवळा भरून आत नेला होता. बाबांना डॉक्टरांनी वाकून ओझं उचलायची मनाई केलीय, डोळ्यामुळे. मला वाटायचं त्यांचं फ्लॅटवर येणं फक्त मलाच नको आहे. या बाईला ते माझ्यापेक्षा जास्त नको होतं.

मुकेशभाई ओट्यावर जाऊन बसले. केसांत पाला अडकलेला. पाणी मागितलं, प्यायले, परत मागितलं. मला वाटलं आता उठून जातील, पण माणूस सरळ होता. त्यांनी बाबांना समोर बसवलं आणि विचारलं.

"बाबा, तुम्ही बुजुर्ग आदमी. सच बोलना. इधर आग लगती है क्या?"

"नाय," बाबा बोलले.

कान लाल झाले नाहीत. पाणी प्यायला उठले नाहीत. सरळ डोळ्यात डोळे घालून 'नाय' बोलले. मुकेशभाईंनी परत विचारलं, कधीच नाही? बाबा बोलले, कधीच नाही, जन्मात नाही. मुकेशभाईंचा चेहरा थोडा सैल झाला. माझ्या मनात आशेचा किरण आला, आणि मी बाबांना डोळ्यांनी खुणावलं की बस, आता गप्प. पण त्यांना ऑपरेशनच्या डोळ्याने कमीच दिसतं.

"आमच्याकडं आग लागत नाय," बाबा बोलले. "लावतात."

आणि मग ते मोकळे झाले. डोंगराला आग लावतात, पुढच्या पावसाला गवत चांगलं येतं म्हणून. सशांच्या शिकारीला लावतात. कोणी पेटती बिडी टाकून जातो, त्याला लागली बोलायचं नाही, त्याने पण ती लावलीच. परड्यातला राब ते स्वतः लावतात, त्यांचे वडील लावायचे, वडिलांचे वडील लावायचे. जंगलात आपोआप लागलेली आग त्यांनी उभ्या आयुष्यात बघितलेली नाही, आणि लोकांना 'आग लागली' बोलायची सवय आहे, कारण तसं बोललं की कोणाचं नाव घ्यावं लागत नाही. एवढं बोलून त्यांनी राब कसा रचायचा तेही समजावायला घेतलं. मी कपाळावर हात मारला. धर्मेश मात्र प्रत्येक वाक्याला मान हलवत होता.

मुकेशभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कंपनीचा हिशोब सांगितला. दुसऱ्याने लावलेली आग तुमच्या घरावर आली तर तुमच्यासाठी ती अपघात, ती विम्यात बसते. तुम्ही स्वतः लावलीत तर नाही बसत. राब लांब शेतात करा, पाला घरातून काढा, देवाचा दिवा काचेच्या चिमणीत ठेवा, मग घराला नाव ठेवायला जागा नाही. भिंती दगडी, पाणी हाताशी. माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना. सुटलो, असं मी तोंडाने बोलायचीच बाकी होते. तेवढ्यात त्यांनी मोबाईल खाली ठेवला आणि मान हलवली.

"पण मैं पास नहीं कर सकता, मॅडम. दोन म्हातारी माणसं अकेली. पहाड़ से आग आई तो बाल्टी कौन उठाएगा?"

धर्मेशने खिशातून फोन काढला. त्याने नंबर लावण्याआधीच मला कळलं कोणाला लावतोय. सेठांना. सोफा पाठवून द्या. आई ओट्याच्या खांबाला टेकून उभ्या होत्या, नजर परड्याकडे. ओरखड्यांचे हात पदराखाली घेतलेले. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं.

"अकेले कहाँ, मुकेशभाई? हम दोनों भी यहीं रहते हैं."

धर्मेशचा फोन कानाशी अर्ध्यात थांबला. मुकेशभाई बोलले की सेठ तर सांगत होते, तुम्ही अंबरनाथ ईस्टला राहता. मी बोलले, तो फ्लॅट नुसता आहे, कधीमधी जातो. रोज राहता का इथे? रोज. उन्हाळ्यात पण? उन्हाळ्यात तर हलत नाही, डोंगराची काळजी असते ना. एकदा सुरू झालं की मला थांबता येत नाही, हा माझ्या खात्यातला जुना दोष आहे. मुकेशभाईंनी विचारलं, समजा आग आली, तर विझवणार कोण? मी. कशी?

मी ओट्यावरून उतरले, कोपऱ्यातलं गोणपाट विहिरीजवळच्या दगडी डोणीत बुडवलं आणि सारवलेल्या अंगणात धपाधप आपटायला सुरुवात केली. पंजाबी ड्रेस भिजला, सारवण उडून तोंडावर आलं, आई मागून ओरडल्या की आडवं नको मारू गो, उभं मार, ठिणगी उडते. मी उभं मारलं. मुकेशभाईंनी फोटो काढला. आई-बाबांचा फोटो काढला, धर्मेशला माझ्या शेजारी उभा करून चौघांचा काढला. मोबाईलवर काहीतरी टिपलं, बूट घातले, देवांना लांबूनच हात जोडले आणि स्कूटरला किक मारली.

विमा आला. पंधरवड्याच्या आत आला. मी दुकानात पेढे वाटले. सेठांना सांगितलं सोफा विकून टाका, ते हळहळले. संध्याकाळी घरी आले तर धर्मेश हॉलमध्ये विम्याचे कागद घेऊन बसलेला. माझ्या माहितीत जगात विम्याचे कागद पूर्ण वाचणारा तो एकटाच माणूस आहे. चेहरा असा खुललेला की लग्नातसुद्धा मी तो तसा बघितला नव्हता. कागदात लिहिलं होतं की घरात दोन धडधाकट माणसं कायम राहतात, म्हणून विमा दिला आहे. आणि पुढे, दिलेली माहिती खोटी निघाली तर विमा रद्द.

मी बोलले, कोण बघायला येतंय. तो बोलला, उद्या डोंगर खाली आला तर बघायला येतील, आणि तेव्हा आई-बाबांच्या हातात काय, रद्दी? खोट्यावर घेतलेला विमा तो घरात ठेवणार नाही. त्यामुळे एकच रस्ता आहे, जे बोललीस ते खरं करायचं. मग हळू आवाजात बोलला की त्याला खरं तर कधीपासून तिथे राहायचं होतं, पण मला विचारायची हिंमत होत नव्हती. आणि मी स्वतःहून, सगळ्यांसमोर, बोलून टाकलं. त्याला माझा किती अभिमान वाटला ते त्याने मला दोनदा सांगितलं. आता अशा माणसाला काय सांगणार तुम्ही?

मला वाटलं निदान आई खूश होतील. चिखलोलीला जाऊन धर्मेशने बातमी दिली, तर त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा पडला. मला हाताला धरून चुलीकडे नेलं.

"मना कोनी विचारला?" त्या कुजबुजल्या. "तुझी मना अडचन नाय गो. पन तू मिक्सर लावतेस. आनि सुट्टीच्या दिवशी उन्हं वर येईपरेंत झोपतेस, तवा मना भांडी आवाज न करता घासावी लागतात."

मी बोलले की मलाही सकाळी सकाळी बोंबलाचा वास सहन होत नाही. त्या बोलल्या, माहीत आहे, नाक मुरडतेस ते दिसतं. इतकं स्वच्छ आम्ही आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मग दोघी तिथेच बसलो आणि तह केला. होळी ते पाऊस आम्ही इथे, पाऊस लागला की परत चौथ्या माळ्यावर. डोंगर ओला झाल्यावर बादली उचलायला कोणी लागत नाही, ते मुकेशभाईंकडून मीच फोन करून कागदावर लिहून घेतलं, या वेळी खरं बोलून. मिक्सर अंघोळीनंतर. बोंबील परड्याच्या टोकाला. सुट्टीच्या दिवशी भांडी बाबा घासणार. बाबांना हे आम्ही अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या रविवारी टेम्पो आला. सेठांचा सोफा विकला गेला नव्हता, किंवा त्यांनी मुद्दाम विकला नव्हता. दोन माणसांनी तो उचलून मधल्या खोलीत नेला. पाला गेला होता, देवांपुढे काचेची चिमणी आली होती, आणि त्यांच्या बरोबर समोर आता मी झोपणार होते. खिडकीतून तो काळा डोंगर. आई सोफ्यावर बसून वर-खाली दाबून बघत होत्या आणि चांगला आहे बोलत होत्या. धर्मेश भिंतीला आग विझवायचा लाल सिलिंडर टांगत शीळ घालत होता.

मी बाहेर येऊन ओट्यावर बसले. बाबा तिथेच होते, राबासाठी लांबच्या बांधावर न्यायला फांद्यांची मोळी बांधत. मला रडू पण येत होतं आणि हसू पण. एक वाक्य, नुसतं एक वाक्य, आणि माझं घर, माझा अर्धा तास, सगळं गेलं.

"आग लागली माझ्या तोंडाला," मी बोलले.

बाबांनी मोळीची गाठ आवळली. मान वर केली नाही.

"लागत नाय, पोरी," ते बोलले. "लावतात."